कायदा-सल्ला : वडील कमाई लपवत असतील, तर पोटगी वाढवून मिळते का?

प्रश्न : २०१९ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली माझ्या मुलाला दरमहा ४,००० रुपये पोटगी मंजूर झाली. आता तो आठवीत आहे. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे आणि ते कृषी सेवा केंद्र चालवतात, पण दुकान भावाच्या नावावर. प्राप्तिकर विवरणपत्रात वर्षाचं उत्पन्न पावणेतीन लाख दाखवलंय. पोटगी वाढवून कशी मागू?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : मूळ आदेश ज्या न्यायालयाचा, तिथेच वाढीचा अर्ज करा. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ लागतं (जुनं १२७). परिस्थिती बदलल्याचं दाखवावं लागतं, आणि ते मुलाच्या खर्चातून दाखवणं सगळ्यात सोपं. तेव्हाची आणि आत्ताची फी, शिकवणी, एसटी पास, औषधं हे शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येक रकमेमागे पावती जोडा. आकडे फुगवू नका. शिकवणीच्या फीत दोन हजार जास्त लावलेले उलटतपासणीत सापडले, की उरलेल्या खऱ्या पावत्यांकडेही संशयानं पाहिलं जातं.

दुसरी पायरी प्रतिज्ञापत्राची. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी उघड करणं बंधनकारक केलं. त्यात शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरून फक्त बिगरशेती नमुना भरून येतो आणि बाग त्यातून निसटते, म्हणून दोन्ही नमुने भरून द्यावेत असा लेखी अर्ज करा. तुमची स्वतःची कमाई, शिवणकामाचे चार पैसे असले तरी, तुमच्या प्रतिज्ञापत्रात आलीच पाहिजे.

आता ते पावणेतीन लाख. विवरणपत्राच्या पोचपावतीवर दिसतं ते करपात्र उत्पन्न. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे ते आतल्या वेगळ्या तक्त्यात असतं. बहुतेक जण पोचपावतीचं एक पान देऊन मोकळे होतात. तुम्ही सगळ्या तक्त्यांसह पूर्ण विवरणपत्र मागा.

सातबारा ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावरून काढा. पीकपाहणीत द्राक्ष लागलंय का आणि किती क्षेत्रावर, ते बघा. त्याहून मोलाचा रकाना ‘इतर अधिकार’. तिथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल, तर कर्जाची फाइल कुठे आहे ते कळलं. न्यायालयात गरीब असणारा माणूस कर्ज मागताना मात्र चांगला कमावता असतो. ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या कर्जालाही हेच लागू. ती फाइल आणि ३ वर्षांचे खातेउतारे मागवायला साक्षी समन्सचा (बँकेला कागद घेऊन न्यायालयात बोलावण्याचा) अर्ज करा. त्यात बँक, शाखा आणि कालावधी लिहाच. ‘सर्व बँकांची सर्व खाती’ असं मोघम मागितलं, तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी.

दुकानावर मालकीचा दावा सांगत बसू नका. तो वेगळाच खटला होईल. कमाई कोणाची एवढंच दाखवायचंय. कीटकनाशक विक्रीसाठी ठरावीक शैक्षणिक पात्रतेची व्यक्ती लागते. परवाना दुकानात दर्शनी भागात लावलेला असतो. भाऊ शेतकी शिकलेला नसेल, तर पात्रता कोणाच्या पदवीवर दाखवली, हे कृषी विभागाच्या फाइलमध्ये सापडेल. तीही समन्सनं मागवता येते. गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर पैसे भरताना नाव कोणाचं येतं? ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून बिल आणि पैसे भरल्याची पावती घ्या. मोबाइलमधले पुरावे छापून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. मुलाच्या वडिलांचा फोन किंवा ईमेल मात्र उघडू नका, तो गुन्हा ठरतो.

एवढं मागूनही त्यांनी कागद दडवले, तर न्यायालय त्यांच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. स्वतःच्या कमाईची माहिती त्यांनाच विशेषकरून आहे, तेव्हा ती सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर (साक्ष्य अधिनियम, कलम १०९). प्रतिज्ञापत्र धडधडीत खोटं निघालं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली कारवाई मागता येते. तो अर्ज सुरुवातीलाच टाकू नका. मूळ प्रकरण त्यात अडकून पडतं आणि मुलाची फी तशीच राहते.

वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : आदेश आहे, पण १० महिने पोटगीचा एक रुपया आलेला नाही. वाढीचा निकाल लागेपर्यंत थांबू का?

उत्तर : अजिबात नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) खाली (जुनं १२५(३)) वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. आणखी तीन महिने थांबलात, तर सगळ्यात जुना हप्ता या वाटेनं वसूल होणार नाही. वसुलीचा अर्ज वेगळा करा, तक्त्यात महिना, देय रक्कम आणि मिळालेली रक्कम लिहा, आणि पासबुकाची प्रत लावा. वॉरंटनंतरही पैसे आले नाहीत, तर न्यायालय थकलेल्या महिन्यांपोटी कैद सुनावू शकतं. ‘जेलमध्ये जाऊन आलो, आता फिटलं’ असं म्हटलं जातं, पण कैद भोगून थकबाकी माफ होत नाही.