हिमालय कुणी रंगवला?

प्रश्न : मुलगी-जावयासोबत ‘ब्लॅक नार्सिसस’ हा जुना इंग्रजी चित्रपट पाहिला. हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात ब्रिटिश नन शाळा आणि दवाखाना चालवायला येतात, अशी गोष्ट आहे. मी दार्जिलिंग पाहिलंय, त्यामुळे डोंगर अगदी ओळखीचे वाटले. जावई म्हणतात, यातलं काहीच भारतात चित्रित झालेलं नाही. हे खरं का? तेव्हा इथे इंग्रजांचंच राज्य होतं, मग ते आले का नाहीत?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जावईबापूंचं बरोबर आहे, ताई. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचा हा १९४७ चा चित्रपट लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत तयार झाला. बाहेरची थोडी दृश्यं ससेक्स परगण्यातल्या लेनर्ड्सली बागेत घेतली, कारण हिमालयात शोभतील अशी झाडंझुडपं तिथे होती. भारतात न येण्याचा निर्णय पॉवेलचा. वारा, उजेड, उंचीचा भास, सगळं आपल्या हातात हवं, असं त्याचं म्हणणं होतं. इथली खरी दृश्यं आणि स्टुडिओतली दृश्यं एकमेकांत मिसळणार नाहीत, ही धास्तीही होती.

मी हौशी नाटकांचे पडदे रंगवत आलोय, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो. खिडकीबाहेर दिसणाऱ्या डोंगरांसाठी कृष्णधवल छायाचित्रं पडद्याएवढी मोठी करून घेतली आणि त्यांवर रंगीत खडूंनी हात फिरवला. म्हणजे खडकाची प्रत्येक चीर छायाचित्राची, रंग मात्र चित्रकाराचा. आमच्या पडद्यावर सरस घालून कालवलेला रंग दहाव्या रांगेतून पाहिला की खपून जातो. कॅमेरा इतका दयाळू नसतो. शिखराची सावली डावीकडे रंगवली असेल, तर खोलीतल्या माणसावरही उजेड उजवीकडूनच यायला हवा. तो सांभाळला छायालेखक जॅक कार्डिफने, आणि तेही भरपूर प्रकाश खाणाऱ्या टेक्निकलर कॅमेऱ्यावर! त्याला आणि कला-दिग्दर्शक आल्फ्रेड युंगे यांना, दोघांनाही या कामासाठी ऑस्कर मिळालं.

कड्याच्या टोकावरची ती घंटा आठवते ना? नन दोर ओढते आणि खाली खोल दरी दिसते. ती दरी म्हणजे पर्सी डे यांच्या हाताखाली रंगवलेलं चित्र आहे. ही युक्ती साधारण अशी चालते : चित्रीकरण करताना चौकटीचा नको तो भाग काळा झाकायचा, म्हणजे फिल्मवर तेवढी जागा कोरी राहते. मग काचेवर चित्र रंगवून नेमकं तेवढ्याच जागेत टिपायचं. कॅमेरा केसभर जरी हलला तरी सांधा दिसतो.

नाशिककरांना यात परकं काहीच वाटू नये. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत चित्रपट कसा बनतो ते पाहून आले आणि पुढे नाशकात चित्रपट काढू लागले. त्यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) कंसाचं शिर धडावेगळं होतं. तीही कॅमेऱ्याचीच करामत, पाइनवूडच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुलीला-जावयाला घेऊन एकदा जाऊन या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट मला खटकते. कांची या पहाडी मुलीचं काम जीन सिमन्स या गोऱ्या मुलीला चेहरा सावळा रंगवून दिलंय आणि तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. डोंगर रंगवलेले आहेत याचं मला काहीच वाटत नाही, हा चेहरा पाहून मात्र वाईट वाटतं. तरुण राजपुत्र झालेला साबू तेवढा आपला, म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा. चित्रपटाचं नाव तो लावतो त्या अत्तराचं आहे.