चमकणारे पॉलिमर, डीएनए आणि एमएस्सी कशात करू?

तुझं पत्र वाचलं. टीवायला केमिस्ट्री, सेमिनारला उजेड देणारे पॉलिमर आणि डीएनए हा टॉपिक, त्यातच पुढे जायचंय पण एमएस्सी केमिस्ट्री, बायोटेक की भरमसाठ फीचं नॅनोटेक ते ठरत नाहीये आणि बाबा म्हणतायत गपचूप बीएड कर.

आधी एक चूक सांगते, राग मानू नकोस. पॉलिमरने सोडलेला उजेड डाय (चमकणारा रंग) शोषतो असं तू लिहिलंयस, तर तसं नाहीये, फ्रेटमध्ये, म्हणजे एका रेणूकडून शेजारच्या रेणूला ऊर्जा देण्याच्या या प्रकारात, फोटॉन (प्रकाशाचा कण) बाहेर पडतच नाही, ऊर्जा परस्पर सरकते आणि तीही दोघं साधारण 1 ते 10 नॅनोमीटर इतके जवळ असतील तरच, अंतर दुप्पट झालं की वेग 64 पटीने घटतो! 2002 मध्ये अमेरिकेत सांता बार्बाराला हीगर आणि बाझान या शास्त्रज्ञांच्या ग्रुपने डीएनए ओळखायला हेच वापरलं. डाय लावलेला पीएनए (डीएनएसारखा कृत्रिम रेणू) घेतला, त्याला चार्ज नसतो म्हणून प्लस चार्जवाला पॉलिमर त्याच्याकडे फिरकत नाही, पण जुळणारा डीएनए येऊन चिकटला की त्याच्या मायनस चार्जमुळे पॉलिमर ओढला जातो आणि निळा चमकणारा पॉलिमर आपली ऊर्जा हिरव्या डायला देतो, म्हणजे हिरवं चमकलं की डीएनए जुळला.

आता बघ, यात चार्ज, अंतर, स्पेक्ट्रम, सगळं फिजिकल केमिस्ट्रीच आहे ना? म्हणून माझं मत सरळ केमिस्ट्री. डीएनए हाताळणं लॅबमध्ये शिकता येतं, पॉलिमर बनवायला मात्र पाया पक्का लागतो. आणि हीगर मूळचे फिजिक्सवाले, नोबेल मिळालं 2000 साली केमिस्ट्रीचं, त्यामुळे डिग्रीच्या नावाचं टेन्शन घेऊ नकोस.

नॅनोटेकवाल्यांना एकच विचार, फ्लुओरोमीटर (अशी चमक मोजायचं मशीन) मुलांना स्वतः वापरू देता का? माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन वर्षांत ते मशीन फक्त लांबून पाहिलं, क्युव्हेटच्या, म्हणजे त्यात नमुना ठेवायच्या चौकोनी भांड्याच्या, चारही बाजू पारदर्शक का असतात हेही तिला माहीत नव्हतं (उजेड सरळ जातो आणि फ्लुओरोसन्स, म्हणजे नमुन्याची चमक, काटकोनात मोजतात, म्हणून).

जॅमची (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी आत्ताच सुरू कर. पुढे नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000 आणि एचआरए, पुण्यात एनसीएल आणि आयसर या दोन्ही संशोधन संस्था आहेत, हे बाबांना नीट सांग. बीएड एमएस्सीनंतरही होतं.

आणि हो, चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये घोळवून नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली अंधारात धर, हिरवट चमकते. बाबांनाही दाखव.