मनगट धरलं, आता पुढे?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे. उंची पाच फूट, वजन ४८ किलो. कामावरून यायला रात्र होते, म्हणून स्वसंरक्षणासाठी काहीतरी शिकायचं ठरवलंय. भाऊ म्हणतो कराटे, मैत्रीण म्हणते क्राव मागा, आणि इंटरनेटवर जो तो आपलीच कला सगळ्यात भारी म्हणून सांगतो. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या मुलीने नेमकं काय निवडावं? आणि ब्लॅक बेल्ट मिळायला किती वर्षं लागतात?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, तो लवकर निकालात निघतो. ज्युदोतल्या पहिल्या काळ्या पट्ट्याला ‘शोदान’ म्हणतात. अर्थ आहे पहिली पायरी. त्या पायरीवर पोचायला काही वर्षं जातात, ब्राझिलियन जिउ-जित्सूत (जमिनीवर धरपकड करून लढायची कला) तर दहाच्या आसपास. तुला रात्री घरी यायचंय ते याच आठवड्यात. तेव्हा पट्टा विसर.

आता वजन. ‘तंत्र असलं की ताकद लागत नाही’ हे वाक्य सगळ्याच क्लासमध्ये ऐकायला मिळतं. मी २६ वर्षं ज्युदो शिकवतेय आणि मला ते दर वेळी खटकतं. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या ज्युदोचे सात वजनगट आहेत. त्यातला सगळ्यात हलका ४८ किलोचा, म्हणजे तुझाच. त्या गटात सुवर्णपदक मिळवणारीलाही कुणी ७० किलोवालीसमोर उभं करत नाही. तंत्राने तफावत थोडी भरून निघते, समोरच्याला ते तंत्र माहीत नसेल तर जरा जास्त. बस, इतकंच.

याला उत्तर म्हणून लोक एडिथ गॅरड यांचं नाव काढतात. शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना त्या जुजुत्सू, म्हणजे ज्युदो जिच्यातून निघाला ती जुनी जपानी कला, शिकवत. उंची तुझ्याहून इंचभर कमीच. १९१३ मध्ये या बायकांचं एक पथकच तयार झालं होतं. नेत्यांना अटक करायला आलेल्या पोलिसांना त्या भिडायच्या. गोष्ट खरी आहे, पण पुरती सांगत नाहीत. त्यांच्याकडे तंत्र होतं, कपड्यांत लपवलेले मुद्गल होते आणि सोबत अख्खी टोळी होती. तू एकटी असणार आहेस.

मग बघायचं काय? कलेचं नाव नंतर बघ. आधी हे बघ, की त्या क्लासमध्ये समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का.

माझ्याच मॅटवरचा एक प्रसंग सांगते. तुझ्याच चणीची एक मुलगी दुसऱ्या एका क्लासमध्ये वर्षभर ‘सेल्फ डिफेन्स’ शिकून माझ्याकडे आली होती. मनगट सोडवून दाखव म्हटलं. समोर ऐंशी किलोचा मुलगा उभा केला. त्याने मनगट धरलं, तिने झटका दिला, हात सुटला. अगदी कविता पाठ म्हणावी तसं. मग मी त्या मुलाला सांगितलं, आता सोडायचं नाही, आणि ओढायचं. पहिल्याच ओढीला ती तीन पावलं फरपटत गेली. दुसऱ्यांदाही तेच. ती स्वतःचा हात जीव खाऊन मागे ओढत होती, आणि त्या भानगडीत ऐंशी किलोशी रस्सीखेच खेळत होती.

पकडीत कमकुवत जागा एकच असते : अंगठा आणि चार बोटं जिथे भेटतात ती फट. आपल्या मनगटाची अंगठ्याकडची कड त्या फटीसमोर आणायची आणि कोपर वाकवून त्याच्या कोपराकडे न्यायचं. त्यासाठी मागे नाही, पुढे जावं लागतं, त्याच्या अंगावर. हे सांगून पटत नाही. सहाव्या खेपेला तिला ते कळलं. तो ओढतोय त्याच ओढीवर ती आत घुसली, कोपर त्याच्या कोपराला टेकलं आणि हात निसटला. आणि मग? ती तिथेच उभी राहिली, विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत. मी ओरडले, “अगं, दार गाठ!” पळायचं असतं हे त्या वर्षभरात तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले घातक डाव सरावातून बाजूला काढले. लोकांना वाटतं, म्हणजे कला बोथट झाली. झालं उलटं. हाडं मोडायची भीती गेल्यामुळे पूर्ण जोर लावून, समोरच्याच्या विरोधात सराव करता यायला लागला. त्याला ‘रांदोरी’ म्हणतात. डोळ्यात बोटं घालायचा डाव कितीही भयंकर असला, तरी जिवंत माणसावर तो पूर्ण जोराने कुणी करून बघत नाही. मग वेळ आल्यावर तो हाताला आठवणार कसा?

या एका कसोटीवर बाकीच्या कला लावून बघ. बॉक्सिंग आणि मुआय थाय (लाथा-गुडघेही वापरणारं थायलंडचं बॉक्सिंग) यात अंतर कळतं आणि तोंडावर ठोसा बसला तरी आपण मोडत नाही हे कळतं. हे दुसरं ज्ञान मोठं आहे. जिउ-जित्सूत जड माणसाच्या खाली अडकून श्वास कसा टिकवायचा आणि बाहेर कसं सरकायचं ते शिकवतात. बायकांच्या दृष्टीने हा भाग मी फार महत्त्वाचा मानते. कराटे क्लासगणिक बदलतो. कुठे अंगाला भिडून लढवतात, कुठे नुसत्या रांगेत हवेत मुठी मारायला लावतात. तायक्वांदोत पायांना सुरेख वेग येतो, पण स्पर्धेच्या नियमांत चेहऱ्यावर ठोसा नाही आणि धरून ठेवणंही नाही, म्हणून पकड आली की मुली गोंधळतात. आयकिडोच्या सरावात जोडीदार बहुतेकदा तुमच्याबरोबर पडतो. दिसायला देखणं, पण तुझ्या कामाला मी ते पहिलं सुचवणार नाही. क्राव मागा इमी लिश्टनफेल्ड यांनी ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवरच्या मारामाऱ्यांच्या अनुभवातून उभा केला आणि पुढे तो इस्रायलच्या सैन्यात गेला. चांगला शिक्षक मिळाला तर उत्तम, मात्र या नावाची पाटी कुणीही लावतं.

मी ज्युदोवाली, तेव्हा पक्षपात धरूनच चाल : तुला ज्युदो किंवा जिउ-जित्सू, आठवड्यातून दोनदा, निदान सहा महिने. जवळपास चांगलं बॉक्सिंग असेल आणि हे दोन्ही वाईट असतील, तर बॉक्सिंग. लांबच्या उत्तम क्लासला माणूस दोन महिन्यांत जाईनासा होतो.

प्रवेश घेण्याआधी एक तास नुसती बसून बघ. वॉर्मअप नको बघूस, शेवटची वीस मिनिटं बघ, लढत असते ती. अंगावर हात थापटला म्हणजे ‘पुरे, सोड’. याला टॅप म्हणतात. टॅप झाल्यावर जोडीदार त्याच क्षणी सोडतो का? एखादा हसत हसत आणखी जरा दाबतो आणि सर बघून न बघितल्यासारखं करतात, असं दिसलं तर चपला घाल आणि निघ. ‘नको’ म्हटल्यावर थांबायचं, हे जिथे मॅटवरच पाळत नाहीत, तिथे स्वसंरक्षण काय शिकणार?

सुरा दाखवून पर्स मागितली तर पर्स एकीकडे फेक आणि तू दुसरीकडे पळ. यात कुठलीच कला नाही.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. आठ वर्षं कराटे करते, ब्राउन बेल्ट आहे. गेल्या महिन्यात ओळखीतल्याच एका माणसाने जिन्यात तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं. ती दगडासारखी उभी राहिली. वरून कुणीतरी उतरत आलं म्हणून सुटली. घरी तिचे बाबा म्हणाले, “मग आठ वर्षं शिकलीस काय?” तेव्हापासून तिने क्लास सोडलाय. तिला दुसरी एखादी कला शिकवावी का?

उत्तर : बाबांनी ते वाक्य परत घ्यावं. तिच्यासमोर, तोंडाने. कलेचं आपण नंतर बघू.

दगडासारखं होणं हा भित्रेपणा नाही. शरीर ते आपल्याला न विचारता करतं. अत्याचारानंतर स्टॉकहोममधल्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दहांपैकी सात जणींनी, त्या क्षणी शरीर बऱ्याच अंशी थिजून गेलं होतं, असं सांगितलं. तुमची मुलगी एकटी नाही, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या.

आता माझं सांगते. हे मी आजवर छापून सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षांची होते, ज्युदोत काळा पट्टा मिळालेला. एका समारंभात एका ओळखीच्या, वयाने मोठ्या गृहस्थांनी बोलता बोलता माझ्या कमरेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. दहा वेळा तरी मी त्या वजनाचा माणूस मॅटवर आपटला असेन. मी काय केलं? हसले. कसनुसं हसले आणि ‘पाणी घेऊन येते’ म्हणून सटकले. रात्रभर स्वतःवर चिडत राहिले. डाव आठवला नाही असं नव्हतं. डाव टाकावा एवढं काही घडलंय, हेच मन कबूल करत नव्हतं. चारचौघांत तमाशा नको, त्यांचा मान, माझंच काही चुकलं असेल. माझ्याकडे थ्रो भरपूर होते, एक वाक्य नव्हतं.

कराटेत समोरचा वाकून नमस्कार करतो, पवित्रा घेतो आणि मग हल्ला करतो. जिन्यातला माणूस ‘काय गं, कशी आहेस’ म्हणत येतो. ही सुरुवात तिच्या आठ वर्षांत एकदाही आली नसणार. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या जणींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना माहितीपत्रकं. पुढच्या वर्षभरात प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९.८. त्या बारा तासांत ठोसे-लाथांचा वाटा लहान होता. बराचसा वेळ गेला तो ओळखीच्या माणसाकडूनही धोका असतो हे ओळखण्यात आणि त्याला वाईट वाटेल हा संकोच मोडण्यात.

म्हणून कला बदलू नका. तिला पुन्हा जावंसं वाटलं तर त्याच क्लासला जाऊ द्या, नाही वाटलं तर ढकलू नका. त्या माणसाची तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू द्या, आणि तिने जे ठरवलं त्यात सोबत उभे राहा. ती झोपत नसेल, जिना टाळत असेल, तर समुपदेशकाकडे न्या.

आणि घरी एक सराव करता येईल, तिची तयारी असेल तेव्हाच. माझ्या क्लासमध्ये मी तो दर महिन्याला घेते. एकीने गोड बोलत जवळ यायचं, दंडावर हात ठेवायचा. दुसरीने एकच वाक्य म्हणायचं : “हात काढा.” समोरची म्हणते, “अगं, एवढं काय झालं?” पुन्हा तेच, “हात काढा.” ती म्हणते, “गंमत केली गं.” तिसऱ्यांदा तेच, मोठ्याने. कारण द्यायचं नाही, हसायचं नाही, ‘प्लीज’ लावायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्या खिदळतात. दहा ठोसे मारणाऱ्या मुलींच्या तोंडून तिसऱ्या खेपेला आवाज फुटत नाही. महिन्याभराने फुटतो, आणि शेजारच्या खोलीतले लोक काय झालं म्हणून डोकावतात. तुम्हीही तिच्याबरोबर म्हणून बघा. आईला जास्त जड जातं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझं वय ५४. एक गुडघा कुरकुरतो. मुलं हसतात, पण मला शिकायचंय. उशीर झाला का?

उत्तर : केइको फुकुदा ज्युदोत पाचव्या दानवर (काळ्या पट्ट्याच्या पुढच्या पायऱ्यांना दान म्हणतात) कित्येक वर्षं अडकून होत्या, कारण बायकांना त्याच्या वर दर्जा देतच नसत. कोदोकानने, म्हणजे कानो यांनीच काढलेल्या ज्युदोच्या मूळ संस्थेने, त्यांना नववा दान दिला तो २००६ मध्ये, त्या ९२ वर्षांच्या असताना. त्यानंतरही त्या शिकवत होत्या. उंची पाच फुटांच्या आत. मुलांना सांगा.

तुम्ही मात्र थ्रोपासून सुरुवात करू नका. गुडघा आणि हाडांची घनता डॉक्टरांना आधी दाखवा. मग पॅडवर ठोसे मारायला शिकवणारा, घाई न करणारा शिक्षक शोधा. तळहाताच्या टाचेने मारायला सांगेल तो बरा, मुठीने मारताना हाताची हाडं मोडू शकतात. आणि पडायला शिका. हल्लेखोर आयुष्यात कदाचित कधीच भेटणार नाही, ओली फरशी नक्की भेटेल. पहिला महिना उभ्याने पडायचंच नाही. जाड मॅटवर बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ कमानीसारखी गोल करायची आणि मागे लोळायचं. पाठ टेकते न टेकते तोच दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. आवाज मोठा आला पाहिजे. हनुवटी सुटली तर डोकं आपटेल, म्हणून मी नव्या बायकांना हनुवटीखाली रुमाल धरायला लावते. रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून.