रोबो रंगवण्याआधी त्याचे सांधे बघ

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या तुझ्या रोबोचं डोकं छान जमलंय, पण सांधे नुसते रंगवल्यासारखे दिसतात. ठाण्यात घोडबंदर रोडवर खोदकाम चालूच असतं, तिथला जेसीबी जरा वेळ बघ: हात कुठल्या पिनवर फिरतो, पिस्टन किती आत जातो, होजला (तेलाच्या रबरी नळीला) कुठे ढील दिलीय.

मॉडेलमध्ये धातूचा प्रत्येक भाग वेगळा ठेव आणि थेट त्याच्या बोनला (रोबो हलवणाऱ्या सांगाड्यातल्या हाडाला) पॅरेंट कर, म्हणजे जोड. माणसासारखं वेट पेंटिंग (कुठलं हाड पृष्ठभाग किती ओढेल ते रंगवून ठरवणं) केलंस तर कोपर वाकताना पत्रा रबरासारखा ताणला जातो. मग टेक्स्चर कितीही भारी दे, वजन जाणवत नाही. कोपर ९० अंशांच्या पुढे वाकवून बघ. भाग एकमेकांत घुसले तर ज्या बाजूला हात मिटतो त्या बाजूला पिन सरकव, नाहीतर आतली कड काप.

पिस्टनचं नळकांडं आणि दांडा एकमेकांकडे रोखलेले हवेत. ब्लेंडरमध्ये दोघांना डॅम्प्ड ट्रॅक (वस्तूला टार्गेटकडे रोखून ठेवणारी सोय) लाव, पण टार्गेट म्हणून दोन्ही टोकांना वेगळे एम्प्टी (नुसत्या खुणेच्या रिकाम्या वस्तू) ठेव. थेट एकमेकांनाच टार्गेट केलंस तर डिपेंडन्सी सायकल होते, म्हणजे दोघं एकमेकांवर अवलंबून अडकतात, आणि पिस्टन थरथरतो.

तोंड नसलं तरी चालेल. डोळ्यांवर तिरक्या होणाऱ्या दोन झडपा दे. राग, संशय, झोप सगळं त्यात निघतं. एलईडीच्या हसऱ्या तोंडाचा मोह मात्र टाळ, ते स्टिकरसारखं दिसतं.

कडांना थोडा बेव्हल दे, म्हणजे धार किंचित तास, नाहीतर त्यांवर प्रकाशाची रेघ उमटत नाही आणि लोखंड पुठ्ठ्यासारखं वाटतं. रिग करण्याआधी (सांगाडा बसवण्याआधी) स्केल अप्लाय करायला, म्हणजे बदललेलं माप मॉडेलमध्ये पक्कं करायला, विसरू नकोस.