अमिश संग्रहालय पाहून अमिश जीवन कळते का?

आई-वडिलांना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीला नेण्याआधी आपण विचारले आहे की, तेथील संग्रहालय आणि बग्गीची फेरी यांतून अमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातील लोकांचे जीवन खरोखर कळते का. त्यांचे घर कसे असते ते कळते; त्या घरातले नियम कोण आणि कसे ठरवते, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या मते खरा गाभा तोच आहे.

‘अमिश फार्म अँड हाऊस’ हे जुने शेतघर १९५५ पासून पर्यटकांसाठी खुले आहे. तेथील बैठकीच्या खोलीत बिनपाठीची लाकडी बाके मांडलेली आहेत. बहुतेक जण त्यांवरून नजर फिरवून स्वयंपाकघराकडे वळतात. मी मात्र तेथेच रेंगाळलो. या पंथात चर्चची वेगळी इमारत नसते. एक रविवार सोडून एकेका कुटुंबाकडे पाळीपाळीने प्रार्थनासभा भरते, बाके घोडागाडीतून या घरून त्या घरी जातात, आणि सुमारे तीन तासांच्या सभेत जुनी जर्मन स्तोत्रे इतक्या संथ लयीत म्हटली जातात की एकच स्तोत्र वीसेक मिनिटे चालते. पुस्तकात स्वरलिपी नसते. चाल कानांनीच पुढच्या पिढीकडे जाते.

खुंट्यांवरचे साधे कपडे आणि दिवे पाहून ‘यांना नवे काहीच चालत नाही’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. सार्वजनिक वीजवाहिनीची जोडणी घ्यायची नाही, पण कारखान्यातील यंत्रे दाबलेल्या हवेवर चालवायची, अशा मर्यादा एकत्र प्रार्थना करणारी प्रत्येक स्थानिक मंडळी ‘ओर्डनुंग’ या आपल्या नियमावलीत ठरवते आणि वर्षातून दोनदा तिची उजळणी करते. शिवाय संग्रहालयात शेतकरी कुटुंब दिसते, प्रत्यक्षात जमिनी महागल्याने तेथील बहुसंख्य कुटुंबे आता सुतारकाम, बांधकाम, दुकानदारी यांवर जगतात. त्यांतील काहींचे गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखे पर्यटकच. मार्गदर्शकाला याविषयी आवर्जून विचारा.

कोणाचेही समोरून छायाचित्र घेऊ नका. त्यांच्या श्रद्धेला ते मान्य नाही. खरेदी करायची असेल तर शनिवारी जा, कारण रविवारी अमिश दुकाने बंद असतात. आणि रविवारीच जाणे झाले व एखाद्या घरापुढे करड्या बग्ग्यांची रांग दिसली, तर आत त्याच बाकांवर सभा बसलेली असेल. गाडी न थांबवता हळू पुढे न्या.