संगणक साहाय्य कक्षात नव्याने रुजू होताना

महाविद्यालयाच्या कार्यालयात हे काम हाती घेतल्याबद्दल आपले अभिनंदन. सुरुवातीला एकच सवय लावून घ्या: तक्रार पूर्ण ऐकल्याशिवाय माउसला हात लावू नका. ‘मराठी अक्षरे बिघडली’ असे लिपिक सांगतात, तेव्हा बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या प्रणालीच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलेली असते. मात्र त्यांना धास्ती असते ती अनेक वर्षांच्या नोंदी गेल्याची, म्हणून फाइल शाबूत असल्याचे तपासून तेच त्यांना आधी सांगा. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, रूपांतर नंतर करता येते, तेही मूळ फाइलची प्रत ठेवूनच.

नवख्यांकडून होणाऱ्या चुका प्रामुख्याने अशा:

- पासवर्ड विचारणे. तो ज्याचा त्यालाच टंकू द्या.
- न विचारता संगणक पुन्हा सुरू करणे. 31 मार्चच्या आसपास लेखा विभागात हे कटाक्षाने टाळा, कारण अर्धवट राहिलेल्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या, तर तुटलेला विश्वास लवकर जुळत नाही.
- तक्रार नोंदवून गप्प बसणे. काम अपुरे असले तरी कबूल केलेल्या वेळी स्वतः जाऊन तसे सांगा. माझ्या मते याहून महत्त्वाचे काहीच नाही.

सर्व्हर आणि नेटवर्कच्या खोलात तूर्त शिरू नका. पहिल्या महिन्यात प्रत्येक विभागात जाऊन तिथले काम कसे चालते, ते आस्थेने समजून घ्या.