वाचकांचे प्रश्न : दम लागत असताना चालावे का?

प्रश्न : आमच्या कोंढव्यातील घरात भाड्याने राहणाऱ्या इराणी विद्यार्थ्याचे वडील सध्या पुण्यात आले आहेत. २८ जून १९८७ रोजी इराणमधील सरदश्त शहरावर इराकने टाकलेल्या मस्टर्ड वायूच्या (त्वचा, डोळे आणि फुप्फुसे भाजणाऱ्या रासायनिक अस्त्राच्या) बॉम्बमुळे त्यांची फुप्फुसे अधू झाली. दम लागतो म्हणून ते दिवसभर बसून असतात. त्यांना पर्वती चढायला न्यावे का?

उत्तर : पर्वती तूर्त नको, चालणे मात्र हवे. या वायूने श्वासनलिकांच्या बारीक शाखांना झालेली इजा बहुधा भरून येत नाही, आणि दमाच्या धास्तीने माणूस हालचाल टाळू लागला की पायांचे स्नायू दुबळे होऊन पूर्वीपेक्षा कमी श्रमातही धाप लागते. हा दुसरा भाग व्यायामाने सुधारता येतो, हे दीर्घकालीन श्वसनविकारांच्या रुग्णांत दिसून आलेले आहे. आधी छातीविकारतज्ज्ञांकडून फुप्फुसांची क्षमता आणि चालताना रक्तातील ऑक्सिजन तपासून घ्यावा. नंतर सपाट रस्त्यावर, मध्ये थांबत, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत चालावे. (अशा माणसाला ‘जरा जोर लावा’ म्हणणारा उत्साही सोबती नसलेलाच बरा.) हिवाळ्यात शेकोट्यांचा धूर असलेली पहाट टाळावी. भाजलेल्या त्वचेतून घाम नीट येत नसल्यास दुपारचे ऊनही टाळावे, आणि डोळे चुरचुरत असल्यास धुळीसाठी चष्मा वापरावा. छातीत दुखले, भोवळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर चालणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.